निवृत्त लष्करी ट्रकावर कॅम्पर: कोल्हापुरातल्या एका कुटुंबाचा सौदा

आमचे गॅरेज शिवाजी उद्यमनगरात आहे. अवजड गाड्यांचे इंजिन आणि गिअरबॉक्सचे काम वडिलांपासून चालू आहे. गेल्या काही वर्षांत दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारतेच, "मिलिटरीचा ट्रक घेऊन त्याच्यावर घर बांधायचंय, जमेल का?" त्यातल्या एकाच कुटुंबाने हे शेवटपर्यंत नेले. त्यांच्या परवानगीने, नावगाव न सांगता, ते सगळे इथे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

कुटुंबाचे कर्ते, त्यांना दादा म्हणू. त्यांचे गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशिन शॉप आहे. वहिनी शाळेत शिक्षिका. मुलगा अकरावीत, मुलगी सातवीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला तेव्हा दादा मदतीच्या कामात होते. पाण्यातून शांतपणे वाट काढत जाणारे लष्कराचे ट्रक त्यांनी तिथे पाहिले आणि ते चित्र डोक्यातून गेलेच नाही. "आपली गाडी असावी तर अशी," हे ते तेव्हापासून म्हणत होते.

त्यात कुटुंबाला भटकंतीची आवड. गगनबावडा, आंबोली, तिलारी, चंदगडच्या आतली गावे. हॉटेल शोधत बसायचे नाही, शेताच्या बांधावर ओळखीच्याला विचारून मुक्काम करायचा, असा बेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर आता हे सगळे सोपे झाले असणार, असा त्यांचा समज झाला. धोरण होते, ते खरे. पण त्याने कोणत्याही जुन्या ट्रकाचा कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, होत नाही, हे त्यांना पुढे कळले.

पहिला सौदा

दादा माझ्याकडे आले तेव्हा टोकन देऊन झाले होते. परजिल्ह्यातल्या एका दलालाला चाळीस हजार. टाटाचा अडीच टनी फोर बाय फोर, "२०११ मॉडेल, पेपर ओके". गाडी बघायला त्यांनी मला आणि आमच्या सुभेदारमामांना बरोबर घेतले. मामा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेत, चोवीस वर्षे गाड्यांच्या कामात गेली. आता शेती बघतात आणि अधूनमधून गॅरेजवर येऊन बसतात.

मामांनी इंजिन चालू करायला सांगितलेच नाही. डिझेलमध्ये भिजवलेले फडके घेतले आणि पुढच्या बंपरवरचा काळा रंग घासायला सुरुवात केली. पाचेक मिनिटांत रंगाखालून वर टोक केलेला बाण दिसू लागला. मग दोन आकडे. लष्कराच्या नंबरात बाणानंतरचे पहिले दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत दाखल झाल्याचे साल. तिथे ०३ होते. "पोरा, ही दोन हजार तीनची हाय," मामा म्हणाले आणि फडके खिशात घातले.

मग आम्ही चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, वळलो. नंबरावरची माती काढून, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला. आरटीओत पासिंगला घेतात तसाच. दलालाने दाखवलेल्या लिलावाच्या पावतीवरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे वेगळे होते. त्याहून मोठी गोष्ट पावतीतच लिहिलेली होती: लॉट भंगार म्हणून विकलेला होता.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. लष्कराच्या गाड्या आरटीओकडे नोंदलेल्या नसतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० खाली त्यांची नोंदणी वेगळी होते. गाडी सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की तिला सर्वसामान्य नोंदणीचे नियम लागू होतात, म्हणजे नव्याने नंबर घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ मध्ये माजी लष्करी गाड्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे: संबंधित अधिकाऱ्याने दिलेले फॉर्म २१ चे मूळ विक्री प्रमाणपत्र हवे. लिलावाची पावती म्हणजे फॉर्म २१ नव्हे. आणि गाडी भंगार म्हणून गेली असेल तर ते प्रमाणपत्र मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यात १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडायच्या, असा नियम आला. प्रत्यक्ष संरक्षणाच्या कामातल्या चिलखती आणि खास गाड्यांना त्यातून सूट आहे. पण स्क्रॅपिंग केंद्रासाठी निघालेल्या लॉटमधली गाडी बाहेर येऊन "चालू ट्रक" म्हणून विकली जात असेल, तर घेणारा भंगार घेत असतो आणि किंमत ट्रकाची देत असतो.

दादांनी टोकनवर पाणी सोडले. त्या दिवशी परतताना कोणी फारसे बोलले नाही. कागलजवळ चहाला थांबलो तेव्हा दादा एवढेच म्हणाले, "चाळीस हजारात सुटलो म्हणायचं."

तोललेले पर्याय

त्यानंतर आठवडाभराने दादा, वहिनी, मामा आणि मी गॅरेजवर बसलो. चार वाटा होत्या.

पहिली, स्वतः ई-लिलावात उतरायचे. लष्कराच्या बाद गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावातून निघतात. अनामत भरायची, बोली लावायची, वर जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने जागीच कापून घ्यायचा आयकर. गाडी "जशी आहे, जिथे आहे" अशीच मिळते आणि ठरल्या मुदतीत उचलावी लागते. बऱ्याच वेळा लॉटमध्ये एकापेक्षा जास्त गाड्या असतात. एका कुटुंबाला हे झेपणारे नव्हते.

दुसरी, शक्तिमान. १९५९ पासून जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला हा ट्रक. आपल्या मागच्या पिढीतल्या फौजींच्या तोंडात आजही तोच असतो. दादांचा जीव त्याच्यावर होता. मामांनी मात्र हात हलवला. "शक्तिमान मनात ठेव, टाटा दारात ठेव. त्याचा नोझल गेला तर कुठं हिंडशील?" गॅरेजवाला म्हणून माझेही तेच मत होते. टाटाच्या ६९७ इंजिनाचे पिस्टन, लायनर, बेअरिंग उद्यमनगरात हात पुढे केला की मिळतात. पुढचा अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) मात्र दुकानात मिळत नाहीत. पण बुश, शाफ्ट, हाउसिंग करून घ्यायला कोल्हापूरसारखे गाव नाही. इथे पॅटर्न करून ओतकाम होते आणि आठवड्यात मशिनिंगही.

तिसरी वाट वहिनींनी सुचवली: नवी किंवा कमी चाललेली फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेऊन तिच्या मागे छोटी खोली करायची. बोलेरो कॅम्परसारखी गाडी (नावात कॅम्पर असले तरी ती पिकअपच) शेतावरही कामाला येते, घाटात वळते, सुट्टे भाग गावोगाव मिळतात. मला ही वाट सगळ्यात शहाणपणाची वाटली होती आणि तेव्हा मी तसे बोललोही. चौथी वाट, गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन. आपल्या घाटरस्त्यांचा विचार करून ती लगेच बाजूला ठेवली.

दादा ट्रकावर ठाम राहिले. मग आम्ही एक अट घातली: आरटीओचा नंबर आधीच पडलेली, आरसी असलेलीच गाडी घ्यायची.

खरेदी आणि कागद

तशी गाडी पाच महिन्यांनी सापडली. शेजारच्या राज्यात एका लाकूडवाल्याकडे माजी लष्करी टाटा अडीच टनी होता. आठ वर्षांपूर्वी रीतसर नोंदलेला, मालवाहू म्हणून. किंमत सव्वासहा लाख. या वेळी चासीचा ठसा आधी, इंजिन मागून. ठसा जुळला. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. चार टायर बारा वर्षांचे निघाले, वरची नक्षी खोल होती पण रबराला भेगा. त्याचे पैसे किमतीतून उतरवून घेतले.

अडकले ते एनओसीत. जुनी आरसी ऑनलाइन नोंदलेलीच नव्हती. आधी तिकडच्या कार्यालयात बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवणे, मग फॉर्म २८ वर एनओसी, मग इकडे कोल्हापूरचा एमएच ०९ चा नंबर. सगळे मिळून साडेचार महिने. या काळात गाडी आमच्या शेडमध्ये उभी होती आणि दादा रोज संध्याकाळी येऊन तिच्याभोवती एक फेरी मारून जायचे.

रंगाचा प्रश्न आधी सुटला. लाकूडवाल्याने गाडी पिवळट केली होती, मुलाला ती पुन्हा लष्करी हिरवी हवी होती. नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याखेरीज कोणालाही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. वाळूसारखा तपकिरी रंग दिला.

लायसन्सचेही तसेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल दिला. दादा तो निकाल मोबाइलवर घेऊनच आले. पण आरसीवरचे भारित, म्हणजे मालासह एकूण, वजन त्या मर्यादेच्या थोडे वर होते. त्यांना रीतसर ट्रेनिंग करून मोठ्या गाडीचे लायसन्स काढावे लागले. ते त्यांनी मनापासून केले आणि आज ते चांगले ड्रायव्हर आहेत.

खोली बांधताना

ट्रकाची मालवाहू म्हणून असलेली नोंद बदलायची की नाही, हा निर्णय इथे आला. २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-वाहतूक गाड्यांतला प्रकार आहे. पण मालवाहू ट्रकाचा कॅम्पर करणे म्हणजे कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल करणे. कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानक आहे आणि त्याप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. एकाच गाडीसाठी तो खर्च आणि वेळ दादांना परवडणारा नव्हता. म्हणून उतरवता येणारी खोली करायची ठरली: ट्रक मालवाहूच राहील, खोली हा त्याच्यावरचा माल. मोटार वाहन निरीक्षकांना आधी भेटून विचारले. त्यांनी रुंदी, उंची, मागे निघणारा भाग याच्या मर्यादा सांगितल्या आणि एक गोष्ट बजावली: गाडी चालू असताना खोलीत कोणीही बसायचे नाही.

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वाक्याचा अर्थ कोणाच्याच लक्षात आला नाही.

चौकोनी पाइपचा सांगाडा, मध्ये थर्मोकोल, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आत दोन बर्थ, ओटा, दोनशे लिटरची टाकी. लष्करी गाडीची वीज २४ व्होल्टची, फ्रिज आणि दिवे १२ व्होल्टचे. वायरमन दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेणार होता. त्याला थांबवले. तसे केले की एक बॅटरी उतरत राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि दोन्ही जातात. कन्व्हर्टर लावला आणि खोलीला वेगळी बॅटरी दिली.

चूक माझ्या हातून झाली ती खोली बसवताना. नेहमीच्या ट्रक बॉडीसारखी ती चासीला आठ ठिकाणी यू-क्लॅम्पने आवळली. आंबोलीच्या बाजूला पहिली चाचणी घेतली. एका शेताच्या चरात उजवे पुढचे चाक आणि डावे मागचे चाक एकदम चढले. असल्या ट्रकाची चासी पिळवटण्यासाठीच केलेली असते, त्यामुळेच चारही चाके जमीन धरतात. पण वरची खोली ताठ. आतून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. उतरून बघितले तर दाराच्या वरच्या कोपऱ्यातून वेल्ड सुटून पत्र्याला वीतभर चीर गेली होती. त्या चिरेतून आत उभ्या असलेल्या मुलीच्या वहीचे पान दिसत होते. ती तिथे चित्रे काढायला गेली होती आणि गाडी हलली तेव्हा उतरायला विसरली होती. तिला काही झाले नाही. पण तो अर्धा मिनिट मी विसरलेलो नाही.

सगळे उतरवले आणि तीन टेकूंची मांडणी केली. मागे दोन टेकू घट्ट, पुढे मध्यावर एकच, फिरणाऱ्या बुशावर. चासी कितीही पिळली तरी खोली तीन पायांच्या स्टुलासारखी बसून राहते. बुश दादांच्याच शॉपमध्ये टर्न केले. पुन्हा तोच चर, तीच चाके, खोली जागची हलली नाही. काट्यावर वजन केले: खोली रिकामी १,४८० किलो, पाणी आणि सामानासह दोन टनांच्या आत. अडीच टनांच्या क्षमतेत बसली.

वहिनींचा प्रश्न

रंग वाळत होता. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. केबिनमध्ये डोकावून त्यांनी विचारले, "आम्ही चौघं बसायचं कुठं?"

केबिनमध्ये ड्रायव्हर धरून तिघांची जागा. खोलीत चालत्या गाडीत बसायचे नाही, आणि आंबोलीनंतर ते सांगायची गरजही उरली नव्हती. वर्षभरात आम्ही टायर, बुश, व्होल्टेज, फॉर्म, रंग सगळ्यावर बोललो. माणसे मोजली नाहीत.

दादांनी मागच्या बाजूला सीट बसवण्याचा विषय काढला. मी नाही म्हटले. वहिनींनी त्याच्या आधीच नाही म्हटले होते.

निष्पत्ती

पहिल्या चौकशीपासून पहिल्या खऱ्या सहलीपर्यंत दीड वर्ष गेले. टोकन धरून एकूण खर्च चौदा लाख ऐंशी हजार, त्यात ट्रकाची किंमत निम्म्याहूनही कमी. गाडी लिटरभर डिझेलला चार किलोमीटरच्या आसपास देते. फिटनेस दरवर्षी, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी वाढलेली.

गाडी म्हणून ट्रक उत्तम निघाला. गेल्या पावसाळ्यात चंदगडच्या आत एका ओळखीच्या शेतावर त्यांनी चार रात्री काढल्या. लाल चिखलात ट्रॅक्टर अडकला होता तो याच ट्रकाने ओढून काढला. गगनबावड्याकडच्या अरुंद वाटांवर मात्र झाडांच्या फांद्या खोलीला लागतात, दोनदा मागे फिरावे लागले. आणि राधानगरीसारख्या अभयारण्यात वाट सोडून गाडी घालायचा प्रश्नच येत नाही. सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरही नको. मसाई पठारासारख्या जागी एवढ्या वजनाच्या चाकाने पडलेली चाकोरी त्या पातळ मातीतून लवकर जात नाही आणि तिथली फुले दरवर्षी त्याच मातीतून येतात. हे दादांना पटले आहे. ऑफ-रोडचा अर्थ त्यांच्यासाठी आता शेताची वाट आणि नदीचा उतार एवढाच उरला आहे.

वेगळे काय करता आले असते

टोकन देण्याआधी चासीचा ठसा आणि फॉर्म २१ किंवा आरसी, हे तर आता दादाच इतरांना सांगतात.

मला जास्त टोचते ते दुसरे. चार पर्यायांच्या त्या बैठकीत मी गाडी बघत होतो, सहल बघत नव्हतो. किती माणसे, कुठे बसणार, रात्री कुठे थांबणार, कोणत्या वाटेने जाणार, हे कागदावर आधी लिहिले असते तर वहिनींची पिकअप त्या दिवशीच जिंकली असती, किंवा मान्यता काढून मागे सीट असलेला कॅम्पर करायचा, म्हणजे खर्च किती, हे तरी समोर आले असते. निरीक्षकांनी बजावले तेव्हा मी तरी थांबायला हवे होते. रोज गाड्यांच्या कामात असून मी ते वाक्य नियम म्हणून ऐकले, चार माणसांचे घर म्हणून ऐकले नाही.

आंबोलीच्या चाचणीत तर खोली रिकामी आहे की नाही हे मी स्वतः बघायला हवे होते. आता आमच्या शेडमधून असली कोणतीही गाडी हलण्याआधी दार उघडून आत हाक मारायची, हे काम एका पोराला नेमून दिले आहे.

सध्या सहलीला ट्रक पुढे असतो, दादा, मुलगा आणि कधी मामा. मागे वहिनी कार चालवत येतात, शेजारी मुलगी. मुक्कामाला पोचले की मुलगी आधी खोलीत शिरते आणि दाराच्या कोपऱ्यातल्या त्या जुन्या चिरेवर लावलेल्या पत्र्यावर त्या गावाचे नाव मार्करने लिहिते. सात नावे झाली आहेत.